तीन फटके आणि एक छातीबूट

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवीन काही शिकू नये, आणि शिकायचंच असेल तर बसून करता येईल असं काहीतरी शिकावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत बनवायला मला एक अख्खा शरद ऋतू लागला. त्यातले दहा-बारा दिवस तर मी बसूच शकत नव्हतो.

झालं असं की मला एक छातीबूट घ्यायचा होता. खाली बूट, वर विजार, ती विजार थेट काखेपर्यंत चढलेली, आणि खांद्यावरून दोन पट्टे. सगळं एकसंध रबराचं. तो घातला की माणूस पाण्यात छातीपर्यंत कोरडा राहतो आणि काठावर कुठल्याही बाजूने बघितला तरी हास्यास्पद दिसतो. तिसा नदीकाठच्या आमच्या तिसाहालोम गावात मासे धरणाऱ्या आणि बदकं मारणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक तरी छातीबूट दाराआड उलटा टांगलेला असतो. त्यामुळे ‘कुठला घेऊ’ असं नुसतं विचारलं तरी लोक गॅसवरचं दूध सोडून बाहेर येतात. कुणी म्हणतं गुडघे बघ, कुणी म्हणतं तळवा बघ, कुणी म्हणतं शिवण बघ. मला मात्र यातलं काहीच बघायचं नव्हतं. मला बघायचं होतं ते बूड. माझं नाही, छातीबुटाचं.

याचं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सगळ्या गावाला माहीतच आहे तर तुम्ही माझं काय घोडं मारलंय.

आमच्या शिकारमंडळात ज्याने आयुष्यातला पहिला पक्षी पाडला त्याला दीक्षा देतात. पाडलेल्या पक्ष्यापुढे त्याला ओणवं करायचं आणि हेझलच्या झुडपाच्या ओल्या छडीने मागे तीन फटके द्यायचे. पहिला फटका मंडळाचा प्रमुख मारतो. दुसरा, ज्याने त्याला मंडळात आणलं तो मारतो. तिसऱ्यासाठी हजर सभासदांच्या नावाच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात. मग दीक्षिताच्या टोपीला ओकची डहाळी खोचायची, हातात पालिंकाचा, म्हणजे आमच्या फळांच्या कडक दारूचा, पेला द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून रडायचं. आमच्याकडचा कुठलाही समारंभ पालिंका आणि रडणं यांवाचून संपत नाही. शिकारीत कुणी काही आगळीक केली तर तिच्यासाठीही हीच छडी असते. फरक इतकाच की तेव्हा डहाळी मिळत नाही आणि रडतो तो एकटाच.

इतरांना या तीन फटक्यांचं काही वाटत नाही. माझी अडचण वेगळी होती. मी नगरपालिकेत बांधकाम परवान्यांचा अधिकारी आहे. मंडळाचा प्रमुख बोटोंद हा गावातला खाटीक. सॉसेजना धुरी देण्यासाठी त्याला मागच्या अंगणात एक खोली बांधायची आहे आणि तिचा अर्ज मी तीनदा परत पाठवला आहे. धुराडं शेजारणीच्या खिडकीला खेटून येतं, नियमात बसत नाही, त्याला मी काय करणार? बाकी सभासदांपैकी कुणाचं गॅरेज माझ्याकडे अडलेलं, कुणाचा जिना, एकाचं तर कोंबड्यांचं खुराडं. म्हणजे टोपीतून कुणाचीही चिठ्ठी निघाली तरी त्याची फाईल माझ्या कपाटात निघणार, हे नक्की होतं.

मग या भानगडीत मी पडलो कशाला? तर सासऱ्यांपायी.

आम्ब्रुश, माझे सासरे, मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. एके काळी त्यांनी बंदूक उचलली की बदक हवेतच मृत्युपत्र करायचं, असं ते स्वतः सांगतात. पण गेले तीन हंगाम त्यांच्या हातून एक पीसही पडलेलं नव्हतं. त्यांचे हात थरथरतात असं लोक म्हणत. सासरे म्हणत की बदकंच पूर्वीसारखी सरळ उडत नाहीत. ईस्टरच्या जेवणात त्यांनी हॅमची फोड काट्याला टोचून जाहीर केलं, ‘‘गेर्गेय, या शरदात तुला दीक्षा मिळालेली बघतो. तोवर माझ्याकडून काही पडलं तर ठीक. नाहीतर बंदूक खुंटीला, आणि मी खुर्चीत.’’

माझी बायको इबोया नंतर भांडी पुसताना म्हणाली, ‘‘बाबांनी बंदूक ठेवली ना, की बघ, हिवाळा काढायचे नाहीत.’’ मलाही तसंच वाटत होतं. ती बंदूक आहे म्हणून ते पहाटे उठतात, दाढी करतात, हवामानाला शिव्या देतात. ती गेली की नुसत्या शिव्या उरतील. त्यांना मुलगा नाही, आणि जावई म्हणून त्यांच्या वाट्याला मी आलेलो. म्हणून मी शिकारीची परीक्षा दिली, परवाना काढला, आणि ऑक्टोबरची वाट बघू लागलो.

आमच्या मंडळाचा आणखी एक रिवाज आहे. पहिला पक्षी पाण्यात पडला तर कुत्रा पाठवायचा नाही. ज्याचा त्याने स्वतः उतरून आणायचा. म्हणजे छातीबूट हवाच. आणि तो अंगात असतानाच ओणवं व्हायचं असेल, तर मग त्याच्या बुडाचं रबर जितकं जाड तितकं माझं आयुष्य सुसह्य, हा सरळ हिशेब मी कुणालाही न सांगता मनाशी मांडला. घरात सांगितलं की मासेमारीलाही उपयोगी पडेल. इबोयाने माझ्याकडे नुसतं बघितलं. लग्नापासून ती मला घडीच्या खुर्चीत बसून मासे धरताना बघत आली आहे आणि त्या काळात माझी टाचसुद्धा ओली झालेली नाही.

जिल्ह्याच्या गावी मोठं दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदार मोठा उत्साही निघाला. त्याने आधी एक पातळ, हवा खेळणारा छातीबूट दाखवला. मी म्हटलं, मला खेळणारं काही नको, अडवणारं हवं. मग त्याने साधा रबरी काढला, मग स्पंजासारख्या रबराचा काढला, गुडघ्यावरचा दुहेरी थर दाखवला, तळव्याला बसवलेला लोकरीचा जाड नमदा दाखवला, शिवणीवर बोट फिरवायला लावलं. मी ‘छान, छान’ म्हणत प्रत्येक छातीबूट उलटा करत होतो आणि मागून चिमटीत धरून बघत होतो. शेवटी एक घालून आरशापुढे उभा राहिलो, पाठमोरा झालो, वाकलो, आणि त्याला म्हटलं, जरा मागे एक चापट मारून बघता का?

दुकानात गळ निवडत असलेल्या एका बाईने आपल्या मुलीला घेऊन बाहेरचा रस्ता धरला.

‘‘साहेब,’’ दुकानदार खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘छातीबूट घालून लोक उभे राहतात. तुम्ही नेमकं करणार काय आहात?’’

मी काहीही न घेता निघालो. अधिकाऱ्याला दुकानात कारणं द्यायची सवय नसते.

घरी येऊन मी कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि अमेरिकेतला एक छातीबूट सापडला. तिकडे म्हणे पाण्याने भरलेल्या जंगलांत शिकारी ओंडक्यावर तासन्‌तास बसून राहतात, म्हणून याच्या बुडाला मुळातच जाड दुहेरी रबर. फोटोत तेवढा भाग वेगळ्या रंगात दाखवलेला होता. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. नेमकी तेव्हाच इबोया चहा घेऊन आली, कप ठेवला, फोटोकडे एकदा बघितलं आणि गेली.

पार्सल आलं, पण ते जकातीसाठी पोस्टात अडलं. खिडकीपलीकडे एतेल्काबाई होत्या. या एतेल्काबाईंनी दोन वर्षांपूर्वी आपल्या सज्जाला काचा लावल्या होत्या. काचा लावल्या की सज्जाची खोली होते आणि खोलीला परवाना लागतो, असं मी त्यांना लेखी कळवलं होतं. त्या काचा त्यांना काढाव्या लागल्या. मी पावती पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, अगदी सावकाश.

‘‘हे पादत्राण आहे की वस्त्र?’’ त्यांनी विचारलं. ‘‘जकात वेगवेगळी आहे.’’

मी म्हटलं, नावातच बूट आहे.

‘‘नावात काय, सज्जाच्या नावातही सज्जाच होता. काच लावली म्हणून तुम्ही खोली धरलीत. आता बुटाला विजार लावल्यावर मी काय धरायचं ते तुम्हीच सांगा, तोल्नईसाहेब.’’

रांगेतले लोक ऐकत होते. एक जण तर आपला नंबर येऊनही मागेच थांबला. मला बनवणाऱ्याचा दाखला आणायला सांगण्यात आलं. तो आणला तर त्याचं भाषांतर. ते दिलं तर भाषांतरावर शिक्का नाही. चौथ्या खेपेला बाईंनी सांगितलं की प्रत्यक्ष घालून दाखवला तर निर्णय करता येईल. मी पोस्टाच्या मध्यभागी, टाय न काढता, छातीबूट चढवून उभा राहिलो. त्यांनी मला एकदा गोल फिरायला लावलं, मग आणखी एकदा, आणि मग वस्त्र म्हणून नोंद केली. त्याची जकात जास्त होती. सोबत दिलेल्या कागदावर ‘आपला अर्ज प्रथमदर्शनी अपूर्ण होता’ असं वाक्य होतं. ते वाक्य माझंच. मी ते रोज वापरतो. आपल्याला कुणी पाठवलं की ते इतकं टोचतं, हे मला तेव्हा कळलं.

पण वस्तू अस्सल होती. पुढच्या रविवारी मी तो घालून तिसेच्या जुन्या पात्रात गळ घेऊन उतरलो. पाणी कमरेच्या वर आलं, आत एक थेंब नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी उभ्याने मासा धरला, चांगला तळहाताएवढा रुंद ब्रीम, आणि काठावरचे खुर्चीवाले माझ्याकडे आदराने बघताहेत असं मला वाटलं. इबोयाने त्या माशाचा पाप्रिका घालून लालभडक रस्सा केला. मी दोनदा घेतला. इथेच थांबलो असतो तर आज मंडळात मान असता.

मला शंका आली की रबराने पाणी अडलं, पण छडी अडेल का? मी जेवणघरात छातीबूट चढवला, टेबलाला धरून ओणवा झालो आणि इबोयाला गालिचा झटकायचं बडवणं आणायला सांगितलं. तिने कारण विचारलं. मी ते सांगितलं. ती खाली बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली, मग उठून मनापासून कामाला लागली. दोन-चार फटक्यांनंतर मला वाटलं की ती आता चाचणीपुरतं मारत नसून तिला आमच्या संसारातलं काहीतरी आठवलं आहे. तेवढ्यात दार उघडून देझोकाका आत आले.

देझोकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, आमच्याच शिकारमंडळातले. त्यांना मीठ हवं होतं. दारात उभं राहून त्यांनी शांतपणे सगळं बघितलं, परिस्थिती समजून घेतली आणि आग लागलेल्या घरात शिरताना वापरत असतील त्या आवाजात म्हणाले, ‘‘बडवण्याने काय कळणार? बडवणं कोरडं असतं. हेझलची छडी रात्रभर पाण्यात भिजवतात. ती रबराच्या आरपार जाते. तुमचं ढुंगण फक्त ओलं होणार नाही, एवढीच खात्री.’’

मग त्यांनी उपाय सांगितला आणि मला विचारण्याआधीच अमलातही आणला. त्यांच्या नातवाची जमिनीवर अंथरायची फोमची जाड चटई होती, तिच्यावर हत्ती आणि जिराफ. तिचा नीट मोजून तुकडा कापला, दुमडून तीनपदरी केला आणि छातीबुटाच्या आत, बरोबर जागेवर, अग्निशमनातल्या कसल्याशा गोंदाने चिकटवला. पुन्हा ओणवा झालो. इबोयाने बडवलं, काकांनी काठीने बडवलं, मला फक्त आवाज ऐकू आला. आम्ही तिघांनी पालिंका घेतली.

आता मी रोज लोकांच्या फायलींवर लिहितो की मंजुरीनंतर बांधकामात बदल केल्यास पूर्वीची तपासणी रद्द समजावी. रोज लिहितो. आणि फोम लावल्यावर तो छातीबूट पुन्हा एकदा पाण्यात घालून बघावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शिकारीच्या आदल्या आठवड्यात बोटोंद कचेरीत आला. धुरीघराबद्दल एक अक्षर नाही. टेबलावर एक सॉसेज ठेवायला गेला, मी नको म्हटलं, त्याने ते परत खिशात घातलं. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाला की यंदा पहिल्या शिकारीला फारच सभासद येताहेत, गाव सोडून बुडापेस्टला गेलेलेही. काही जण घडीच्या खुर्च्या आणणार आहेत. ‘‘तिसऱ्या चिठ्ठीसाठी मोठी टोपी लागणार, साहेब,’’ असं म्हणून तो गेला.

तेव्हा माझं धैर्य खचलं आणि मी ठरवलं की पक्षी पाडायचाच नाही. पण मी नेम धरून पाच वर्षं कागदी बदकही पाडू शकलो नसतो तरी चुकून एखादं खरं पाडेन, इतका माझा नशिबावर विश्वास होता. म्हणून त्या पहाटे निघताना बंदुकीत काडतुसंच भरली नाहीत. सगळी पट्ट्यात नीट खोचून ठेवली. सासऱ्यांना कळणार नाही, कुणालाच कळणार नाही, दीक्षा पुढच्या वर्षावर जाईल. तोवर बोटोंदच्या धुराड्याची जागा तरी बदलेल.

वेताच्या बेटात लाकडी फळ्यांचं एक मचाण आहे, त्याच्यावर मी आणि सासरे उभे होतो. त्यांनी टाय बांधला होता. टोपीत खोचायची ओकची डहाळी त्यांनी स्वतः कापून आणली होती आणि ती कोटाच्या खिशातून डोकावत होती. माझ्याकडे बघून ते सारखे हसत होते. मला फार वाईट वाटत होतं, आणि फोममुळे गरमही होत होतं.

बदकं आली. सासऱ्यांनी मला कोपराने ढोसलं. मी बंदूक उचलली आणि खटका दाबला. नुसतं ‘टक्’ झालं. त्याच क्षणाला माझ्या कानाशी त्यांच्या बंदुकीचा बार झाला. आकाशातलं एक हिरव्या मानेचं बदक दुमडलं आणि समोरच्या मोकळ्या पाण्यात येऊन आदळलं.

‘‘पाडलंस!’’ सासरे ओरडले. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, आणि तीन वर्षं चुकत आल्यावर आपला बार लागला असेल ही शंकाही माणसाला येत नाही. त्यांनी मला मिठी मारली, माझ्या गालावर त्यांची ओली मिशी घासली. मी ‘‘पापा, अहो पापा’’ म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. पलीकडून बोटोंदने शिंग फुंकलं. वेताच्या फटीफटीतून माणसं काठावर जमली. खुर्च्या खरंच आणल्या होत्या.

‘‘जा,’’ सासरे म्हणाले, ‘‘तुझं बदक घेऊन ये.’’

मी उतरलो. गुडघ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मांड्यांपर्यंतही ठीक. पाणी जरा वर चढलं तशी मला जाणीव झाली की मागून कुणीतरी मला अदबीने उचलतंय. मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. आणखी दोन पावलं टाकली तर टाचा चिखलाला लागेनात. बदक हाताच्या अंतरावर होतं. मी ते धरायला पुढे वाकलो, आणि त्या तीनपदरी फोमने जे ठरवायचं ते ठरवलं. माझं डोकं खाली गेलं, मागची बाजू वर आली आणि वरच राहिली. खाली मी तोंड मिटून हातपाय मारत होतो. वर काय दिसत होतं ते मला इतरांनी सांगितलं. सगळ्यांचं वर्णन एकच आहे. म्हणतात की तळ्यात चरणारं बदक जसं दिसतं तसं, फक्त फार मोठं.

देझोकाकांनी होडीचा लांब आकडा माझ्या खांद्याच्या पट्ट्यात अडकवून मला ओढून काढलं. बदक मी सोडलं नव्हतं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. काठावर त्यांनी छातीबूट उपडा करून माझ्यासकट पाणी ओतलं, मग मला त्याच्यातून सोलून काढलं. मी ओल्या लांब चड्डीत उभा राहिलो. छातीबुटातून शेवटी, गोंद सुटलेली, हत्ती आणि जिराफवाली चटई घसरत बाहेर आली आणि गवतावर हळूहळू उलगडली.

‘‘हे काय?’’ बोटोंदने विचारलं.

‘‘थंडीसाठी,’’ मी म्हटलं.

‘‘ढुंगणासाठी,’’ देझोकाका म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत. बोलायला हवं तेव्हाही नाही.

लोक किती हसले ते सांगत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावाला तर खुर्चीसकट पडला. मग बोटोंदने बादलीतली छडी काढून झटकली, बदक गवतावर ठेवलं, टोपी फिरू लागली. सासरे पुढे आले. ते हसत नव्हते. त्यांनी चटईकडे बघितलंच नाही. खिशातली डहाळी काढून, तिची मोडलेली दोन पानं खुडून ते म्हणाले, ‘‘चला. आता मी बंदूक ठेवायला हरकत नाही.’’

एवढं बोलून त्यांनी खरोखरच बंदूक खांद्यावरून उतरवली आणि देझोकाकांच्या हातात दिली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. ते हात मला बघवेनात. गप्प राहिलो असतो तर तीन फटके, डहाळी, पालिंका, आणि झालेली शोभाही चार दिवसांत लोक विसरले असते. पण मग ते बदक आयुष्यभर माझं राहिलं असतं.

‘‘पापा,’’ मी म्हटलं, ‘‘बदक तुमचं आहे.’’

त्यांचा चेहरा लाल झाला. ‘‘मला दया नको, गेर्गेय.’’

‘‘दया कसली? माझ्या बंदुकीत काडतूसच नव्हतं. भरलंच नव्हतं. या फटक्यांना भिऊन.’’

माझी बंदूक मचाणावरच होती. बोटोंद गेला, ती उघडली, नळीत बघितलं, नाकाला लावून हुंगली. मग माझा पट्टा हातात घेतला आणि एकेका काडतुसावर बोट ठेवत गेला. एकही कमी नव्हतं. सासऱ्यांची बंदूक हुंगायची गरज नव्हती. ती देझोकाकांच्या हातात अजून कोमट होती.

‘‘म्हणजे बार लागला तो तुमचाच, आम्ब्रुशकाका,’’ बोटोंद म्हणाला, आणि त्याने टोपी काढली. मग एकेकाने काढली.

सासऱ्यांनी वाकून बदक उचललं. त्याचा पंख पसरून बघितला, मिटवला, पुन्हा पसरला. मग त्यांनी देझोकाकांकडून बंदूक परत घेतली, खांद्याला लावली, डहाळी आपल्याच टोपीत खोचली आणि बोटोंदला विचारलं, ‘‘शिकारीला रिकामी बंदूक आणली तर शिक्षा काय?’’

‘‘तीनच,’’ बोटोंद म्हणाला. त्याचा आवाज आशेने भरून आला होता. ‘‘पहिला माझा, दुसरा तुमचा, तिसरा टोपीतला.’’

‘‘फसवलं कुणाला? मला. तिन्ही माझे.’’

मंडळात मोठी नाराजी पसरली. बुडापेस्टहून आलेल्या एकाने प्रवासाचा उल्लेख केला. बोटोंद नियमावलीबद्दल काहीतरी बोलू लागला, पण सासऱ्यांनी त्याच्या हातातून छडी काढून घेतली होती. मी ओल्या चड्डीत, हत्ती-जिराफांसमोर, ओणवा झालो.

आम्ब्रुशचे हात थरथरतात असं जे म्हणत होते, त्यांनी ते तीन फटके खायला हवे होते. तिन्ही एकाच रेघेवर पडले.

नंतर त्यांनी मला उठवलं, माझ्या खांद्यावर आपला कोट टाकला आणि पालिंकाची बाटली आधी मला दिली. ‘‘गाढव आहेस,’’ ते म्हणाले, ‘‘पण खोटं पचत नाही तुला. इबोयाने बघून केलाय नवरा.’’ मग ते रडले, मी रडलो, बोटोंद रडला. बोटोंद कशासाठी रडत होता ते मला ठाऊक आहे.

सासऱ्यांनी त्या हंगामात आणखी दोन बदकं पाडली आणि आता बदकं पुन्हा सरळ उडू लागली आहेत असं ते सांगतात. पहाटे उठतात, दाढी करतात. मी बरेच दिवस कचेरीत उभ्याने सह्या केल्या, आणि उभ्याने वाचताना मला दिसलं की बोटोंदचं धुराडं हातभर डावीकडे सरकवलं तर अर्ज नियमात बसतो. तसं त्याला कळवलं. सज्जाच्या काचांचंही जमेल, असं एतेल्काबाईंनाही कळवलं आहे. त्या विचार करून सांगणार आहेत.

माझी दीक्षा मात्र अजून बाकी आहे. शिक्षेचे फटके दीक्षेत धरत नाहीत, हे बोटोंदने मला लेखी दिलं. टोपीतल्या त्या चिठ्ठ्याही त्याने लोणच्याच्या बरणीत जपून ठेवल्या आहेत.

अमेरिकेतला छातीबूट टिकाऊ आहे का, असं हल्ली लोक मुद्दाम मला थांबवून विचारतात. मी प्रामाणिकपणे सांगतो. एक पट्टा आकड्याने फाटला, गुडघे मचाणाच्या फळीवर घासले, डावा तळवा सुटू लागला आहे. बूड मात्र अगदी कोरं आहे.